न पाहता दिलेले मत

हॉलिवूडमधील ज्या अकादमीच्या वतीने दरवर्षी ऑस्कर पारितोषिके दिली जातात, तिने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या सभासदांसाठी एक नवा नियम जाहीर केला. अंतिम फेरीत एखाद्या विभागासाठी मत द्यावयाचे असेल, तर त्या विभागातील नामांकन मिळालेले सर्व चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत, असा हा नियम. तो वाचून कोणाही सरळ माणसाला प्रश्न पडावा की, यात नवे ते काय? उत्तरपत्रिका वाचल्यावाचून परीक्षकाने गुण देऊ नयेत, असा ठराव एखाद्या विद्यापीठाने आपल्या शतकमहोत्सवाच्या उंबरठ्यावर संमत करावा, तसाच हा प्रकार आहे. पहिले ऑस्कर १९२९ साली दिले गेले. तेव्हापासून २०२५ पर्यंत सत्त्याण्णव सोहळे झाले, आणि काही विभागांचा अपवाद सोडला तर चित्रपट पाहण्याची सक्ती मतदारावर नव्हती.

नियमाची अंमलबजावणी कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. अकादमीने सभासदांसाठी इंटरनेटवर स्वतःचे चित्रपटदालन उघडले आहे. तेथे चित्रपट पाहिला की त्याची नोंद आपोआप होते. चित्रपटगृहात, महोत्सवात वा अन्यत्र पाहिला असेल तर तसे लिहून द्यावयाचे. थोडक्यात, हा हजेरीपट आहे. आणि हजेरी लागली म्हणजे विद्यार्थ्याचे लक्ष फळ्याकडे होते असे समजण्याइतका भोळा शिक्षक महाराष्ट्रात तरी आढळणार नाही. तथापि नियम करावा लागला, ही कबुली महत्त्वाची. सुमारे दहा हजार व्यावसायिकांच्या ज्या निवाड्याला जगभर प्रमाण मानले जाते, त्यातील काही मते न पाहता दिलेली होती, हे खुद्द संस्थेनेच अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे.

या पार्श्वभूमीवर, येताजाता चित्रपट पाहणाऱ्या माणसाचे मत निराळ्या नजरेने तपासले पाहिजे. हा माणूस समीक्षक नाही, चित्रपटवेडाही नाही. नोकरी-संसार सांभाळून महिन्याकाठी एखाद-दुसरा चित्रपट तो पाहतो. नामांकनांची यादी वर्तमानपत्रात आली की त्यातील चारपाच गाठतो, आणि कचेरीत किंवा प्राध्यापकांच्या खोलीत आपले मत ठोकून देतो. ते मत ऐकून जाणकार हसतात. मात्र एक गोष्ट तो हमखास करतो, जी करण्याचे बंधन अकादमीच्या सभासदावर आता कोठे आले आहे. न पाहिलेल्या चित्रपटाविषयी तो सरळ सांगतो की, हा काही आपण पाहिलेला नाही.

पंचवीस तासांचा हिशेब

मार्च २०२५ च्या सोहळ्यासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात दहा चित्रपट होते. 'अनोरा', 'द ब्रूटलिस्ट', 'अ कम्प्लीट अननोन', 'कॉन्क्लेव्ह', 'ड्यून'चा दुसरा भाग, 'एमिलिया पेरेझ', 'आय अ‍ॅम स्टिल हिअर', 'निकेल बॉइज', 'द सबस्टन्स' आणि 'विकेड'. या दहांच्या लांबीची बेरीज केली तर जवळजवळ पंचवीस तास भरतात. एकटा 'ब्रूटलिस्ट' पंधरा मिनिटांचे मध्यंतर धरून २१५ मिनिटांचा आहे. अकादमीच्या सभासदाला हे पंचवीस तास फुकट मिळतात आणि ते त्याच्या व्यवसायाचाच भाग आहेत. सामान्य प्रेक्षकाला ते तिकिटाच्या किंवा मासिक वर्गणीच्या पैशात आणि, त्याहून महाग, रविवारच्या सुट्टीत मोजावे लागतात. अर्थशास्त्रात ज्याला संधित्याग खर्च म्हणतात, तो येथे लहान नाही. म्हणूनच 'फार लांब होता' ही त्याची ठरलेली तक्रार अरसिकपणाचे लक्षण मानण्याची घाई करू नये. ज्याने किंमत मोजली, तो वस्तूच्या आकाराविषयी बोलणारच. आणि मध्यंतर ठेवून 'ब्रूटलिस्ट'च्या दिग्दर्शकानेही ही गोष्ट आपल्या परीने मान्यच केली होती. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मध्यंतराचे नवल नाही. हॉलिवूडला मात्र ते पुन्हा शोधून काढावे लागले.

त्याची दुसरी नेहमीची तक्रार अशी की, 'यात एवढे काय होते?' ही अधिक विचार करण्यासारखी आहे. चित्रपट ही अनुभव घेतल्यावरच प्रत कळणारी वस्तू आहे. पेटी उघडल्याखेरीज आंबा कळत नाही, तसे. अशा वस्तूच्या बाजारात गिऱ्हाईक बाहेरच्या शिक्क्यावर विसंबते आणि पारितोषिक हा असा शिक्का आहे. मात्र शिक्का बसताच वस्तूही बदलते. 'अनोरा' ज्यांनी २०२४ मध्ये नुसता एक चित्रपट म्हणून पाहिला, त्यांना एका नर्तकीची आणि एका उधळ्या रशियन पोराची धावपळीची, हसवता हसवता घशात आवंढा आणणारी गोष्ट दिसली. ज्यांनी तो पाच ऑस्कर मिळाल्यानंतर पाहिला, ते पहिल्या दृश्यापासून त्याची उलटतपासणी घेत बसले. दोघांचा चित्रपट एकच होता, पण पाहणे एक नव्हते. तेव्हा सामान्य प्रेक्षकाच्या निराशेतील काही वाटा चित्रपटाचा नसून शिक्क्याचा असतो.

त्याच्या मतात आणखी एक दोष आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. दहापैकी जे चार तो निवडतो, ते आवडतील अशा अपेक्षेनेच निवडतो. 'विकेड' आणि 'ड्यून' यांना जगभर प्रत्येकी सत्तर कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले; 'निकेल बॉइज'च्या वाट्याला फार थोडे प्रेक्षक आले. एकोणीसशे साठच्या दशकातील फ्लोरिडातल्या एका सुधारगृहात दोन काळ्या मुलांवर काय ओढवते, ते त्यांच्याच डोळ्यांनी दाखविणारा हा चित्रपट. कॅमेरा पात्राच्या जागी ठेवल्याने प्रेक्षकाला बाजूला उभे राहण्याची सोय उरत नाही. त्या यादीतील सर्वांत धाडसी प्रयोग तोच होता, असे म्हणण्यास जागा आहे. त्याला एकही पारितोषिक मिळाले नाही, आणि सामान्य प्रेक्षकाच्या गप्पांतही त्याचे नाव निघाले नाही. येथे सभासद आणि सामान्य प्रेक्षक या दोघांचेही दुर्लक्ष सारखेच.

मेक्सिकोचे मत, ब्राझीलचे मत

त्याच वर्षीच्या यादीतील दोन चित्रपटांनी मात्र पाहणाऱ्याच्या मताचे मोल किती आणि कोठे, हे फार स्पष्टपणे दाखवून दिले.

पहिला 'एमिलिया पेरेझ'. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या लिंगबदल करून घेतो आणि पुढे बेपत्ता झालेल्या माणसांचा शोध घेणारी संस्था काढतो, अशी ही संगीतमय कथा. दिग्दर्शक जाक ओदियार फ्रेंच, चित्रीकरण मुख्यतः पॅरिसजवळच्या स्टुडिओत, आणि प्रमुख भूमिकांत मेक्सिकन अभिनेत्री अवघी एक. त्याला तेरा नामांकने मिळाली. इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषेतील चित्रपटाला तोवर इतकी नामांकने मिळाली नव्हती. ज्या देशाची ही कथा, त्या मेक्सिकोत तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे नामांकने जाहीर होत असतानाच, प्रदर्शित झाला. तेथील सामान्य प्रेक्षकाने तो नाकारला. त्याचे आक्षेप सौंदर्यशास्त्राचे नव्हते. पात्रे बोलतात ती स्पॅनिश आपल्याकडची नाही, हा एक. आणि दुसरा फार गंभीर. ज्या देशात बेपत्ता माणसांची अधिकृत नोंदच एक लाखाच्या वर आहे, ज्या देशात आया स्वतः कुदळी घेऊन मुलांची हाडे शोधत हिंडतात, त्या दुःखावर गाणी बसविताना ते आधी नीट पाहून तरी घ्यावयास हवे होते. काही मेक्सिकन तरुणांनी तर लागलीच फ्रान्सवर एक विडंबनपट काढून इंटरनेटवर सोडला. टोप्या, मिशा, पावांच्या लांब लाद्या, सगळे फ्रेंच साहित्य त्यात होते, फक्त फ्रेंच माणूस नव्हता. टीका म्हणून ही पानभर समीक्षेपेक्षा नेमकी ठरली.

भाषेचा उच्चार खरा की खोटा, दुःखाची नोंद बरोबर की चूक, हे लॉस एंजेलिसमधील सभासदाला कळण्याचा मार्ग नव्हता. मेक्सिकोतील रिक्षावाल्यालाही ते कळत होते. पुढे काय झाले? चित्रपटाच्या प्रमुख अभिनेत्रीची समाजमाध्यमांवरील जुनी आक्षेपार्ह लिखाणे उजेडात आली, गदारोळ झाला, आणि तेरांपैकी पदरात पडली ती दोनच पारितोषिके. यात सर्वांत उद्बोधक गोष्ट अशी की, जानेवारीत आणि मार्चमध्ये चित्रपट तोच होता. त्यातील एक चौकटही बदलली नव्हती. जे वारे फिरले ते चित्रपटाबाहेरचे होते, मेक्सिकन प्रेक्षकाचा मुद्दा होता तेथेच राहिला.

दुसरा चित्रपट ब्राझीलचा, वॉल्टर सालेस यांचा 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ अशी एकवीस वर्षे लष्करी राजवट होती. जानेवारी १९७१ मध्ये रूबेन्स पाइवा या माजी लोकप्रतिनिधीला रिओमधील राहत्या घरातून चौकशीसाठी नेण्यात आले, ते परतलेच नाहीत. मागे पत्नी युनिस आणि पाच मुले. नवरा मेला असे सरकार म्हणत नाही आणि जिवंत आहे असेही दाखवत नाही. त्यामुळे बँकेतील पैसेसुद्धा काढता येत नाहीत. हा सगळा छळ या चित्रपटात किंकाळ्यांवाचून, घरगुती हालचालींतून येतो. युनिसबाईंनी पुढे वकिलीची पदवी घेतली आणि पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, पतीच्या मृत्यूचा दाखला मिळविला. दाखला हाती आल्यावर त्या हसतात, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला ते विसरता येणार नाही. सरकारी कागदासाठी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी खेपा घातल्या आहेत, त्यांना त्या हसण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

अन्यत्रच्या सामान्य प्रेक्षकाला हा चित्रपट संथ वाटला. ब्राझीलमध्ये मात्र पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला. चित्रपट गाजत असतानाच तेथे राजवटीच्या बळींचे मृत्यूचे दाखले दुरुस्त करण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये पाइवा यांच्या दाखल्यावर, मृत्यू राज्यसंस्थेने घडविलेला, हिंसक होता, अशी नोंद झाली. मार्चमध्ये, ऐन कार्निव्हलच्या दिवसांत, सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचे ऑस्कर ब्राझीलला प्रथमच मिळाले, तेव्हा रस्त्यांवर जो जल्लोष झाला त्यात फुटबॉलच्या विजयाचाही सूर होता, हे खरे. नायिकेचे पारितोषिक फेर्नांदा टोरेस यांच्याऐवजी 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला गेले म्हणून तेथे व्यक्त झालेला संतापही निव्वळ कलाविषयक नव्हता. देशाभिमान हा चित्रपटाचा चांगला परीक्षक नसतो. आपल्याकडे २०२३ साली 'नाटू नाटू'च्या वेळी ते दिसलेच होते. तरीसुद्धा पन्नास लाखांनी तिकीट काढून जे केले, ती कोणत्याही परीक्षक मंडळाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

लोकप्रियतेचे पारितोषिक

मग सामान्य प्रेक्षकालाच मताधिकार का देऊ नये, असे कोणी विचारील. हा प्रश्न ऑस्करइतकाच जुना आहे. १९२९ च्या पहिल्या, जेमतेम पंधरा मिनिटांच्या सोहळ्यात सर्वोच्च पारितोषिके दोन होती. एक 'विंग्ज' या विमानांच्या भव्य युद्धपटाला मिळाले; दुसरे, 'अनन्य आणि कलात्मक निर्मिती'चे, मुर्नाऊ यांच्या 'सनराइज'ला. पुढच्याच वर्षी दुसरे पारितोषिक बंद झाले, आणि तेव्हापासून एकाच बाहुलीने कला आणि धंदा या दोघांचाही मान राखावा, अशी अपेक्षा चालत आली. ती पुरी होणे अवघडच होते. २००८ च्या चित्रपटांत 'द डार्क नाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन न मिळाल्याने ओरड झाली, तेव्हा अकादमीने पुढील वर्षापासून पाचाऐवजी दहा नामांकने सुरू केली. हेतू असा की, लोकांनी पाहिलेले चित्रपट यादीत यावेत आणि लोकांनी सोहळा पाहावा. चित्रपट आले, पण पहिल्याच वर्षी 'अवतार'ला मागे टाकून पारितोषिक मिळविले ते 'द हर्ट लॉकर'ने, ज्याचे अमेरिकेतील उत्पन्न दोन कोटी डॉलरही नव्हते. ते योग्यच होते. पण ज्यासाठी दहा खुर्च्या मांडल्या, तो पाहुणा काही जेवला नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये 'लोकप्रिय चित्रपटा'चे स्वतंत्र पारितोषिक जाहीर झाले आणि टीकेचा भडिमार होताच महिन्याभरात गुंडाळले गेले. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर 'चाहत्यांची पसंती' मागविण्यात आली. एकच माणूस दिवसातून अनेकदा मत देऊ शकेल, अशी त्यात सोय होती! पहिला आला 'आर्मी ऑफ द डेड' हा भुताप्रेतांचा चित्रपट. त्याच्या दिग्दर्शकाच्या संघटित चाहत्यांनी ही किमया केली होती. या प्रयोगात सामान्य प्रेक्षकाचे मत कोठेच नव्हते. चाहता वेगळा आणि येताजाता चित्रपट पाहणारा वेगळा. चाहत्याचे मत चित्रपट येण्याआधीच ठरलेले असते. म्हणजे तोही एका अर्थी न पाहताच मत देतो. खुल्या मतदानात संघटित अल्पसंख्य असंघटित बहुसंख्यांवर मात करतात, हे सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

निकाल लागल्यावर सामान्य प्रेक्षक जो त्रागा करतो, त्यातील काही भाग मोजणीची पद्धत न समजल्यामुळे असतो. २००९ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची निवड पसंतीक्रमाच्या मतदानाने होते. महाराष्ट्रातील शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत ज्यांनी मत दिले आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल. शंभर मतदार आणि तीन चित्रपट आहेत असे धरू. पहिल्या पसंतीची मते पहिल्या चित्रपटाला ४०, दुसऱ्याला ३२ आणि तिसऱ्याला २८. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नाहीत, म्हणून तिसरा बाद होतो आणि त्याच्या २८ मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहिली जाते. त्यांतील २० दुसऱ्याकडे गेल्या आणि ८ पहिल्याकडे, तर अंतिम आकडा ५२ विरुद्ध ४८ असा होऊन दुसरा चित्रपट जिंकतो. सर्वाधिक लोकांचा सर्वांत आवडता चित्रपट हरला आणि फारसा कोणाला न खटकणारा जिंकला. या पद्धतीत जहाल आवड निर्माण करणाऱ्या, पण तितकाच जहाल विरोधही ओढवून घेणाऱ्या चित्रपटाचे नुकसान होते. २०१९ मध्ये 'रोमा'ऐवजी 'ग्रीन बुक' का, याचे उत्तर अनेकांनी येथेच शोधले. अर्थात अकादमी मतांचे आकडे कधीच प्रसिद्ध करीत नसल्याने तो तर्कच राहतो. निर्दोष पद्धत कोणती, याचे उत्तर अर्थशास्त्राकडेही नाही. पर्याय तीन वा अधिक असतील तर साध्यासुध्या न्याय्य अटी एकाच वेळी पाळणारी मतमोजणी शक्य नसते, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्येच सिद्ध केले आहे.

नियमातील फट

२०२५ च्या नियमाची खरी मर्यादा मतमोजणीत नाही. पाहण्याची सक्ती आहे ती अंतिम फेरीपुरती, म्हणजे यादी बनल्यानंतरची. ऑस्करसाठी पात्र ठरणारे पूर्ण लांबीचे चित्रपट दरवर्षी तीनशेच्या घरात असतात. त्यांतून दहा निवडताना सभासदाने नेमके कोणते पाहिले, हे कोणी विचारीत नाही. आणि कोणते पाहिले जातात हे बव्हंशी प्रचारावर, म्हणजे पैशावर ठरते. खास खेळ, जाहिराती, मेजवान्या यांवर मोठे स्टुडिओ आणि कंपन्या जो खर्च करतात, तो छोट्या चित्रपटाच्या निर्मितीखर्चालाही मागे टाकू शकतो. 'अनोरा'च साठ लाख डॉलरमध्ये तयार झाला होता.

मराठी प्रेक्षकाला याचा अनुभव आहे. सुवर्णकमळ मिळालेला 'श्वास' २००४ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा निर्मात्यांकडे अमेरिकेतील प्रचारासाठी पैसा नव्हता. महाराष्ट्रात लोकांकडून वर्गणी गोळा झाली. नातवाचे डोळे जाणार हे कळलेल्या एका कोकणी आजोबाची ही गोष्ट तेथील मतदारांनी निदान पाहावी, एवढ्यासाठी ही धडपड होती. नामांकन मिळाले नाही. चित्रपट कमी पडला की तो पाहिलाच गेला नाही, हे सांगण्यास आज कोणताही हजेरीपट उपलब्ध नाही.

आणि त्याही आधीची चाळण आपल्याच घरची आहे. प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवावयाचा असा आंतरराष्ट्रीय विभागाचा दंडक आहे. २०२४ मध्ये भारतीय मंडळाने २९ चित्रपटांतून 'लापता लेडीज' निवडला. तो पुढे पंधराच्या यादीतही आला नाही. कान येथे ग्रां प्री मिळविलेला पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मागे राहिला. हा चित्रपट मुंबईतील केरळी परिचारिकांचा, आणि कागदपत्रे नाहीत म्हणून चाळीतली खोली गमावून रत्नागिरीला परतणाऱ्या एका मराठी स्वयंपाकिणीचा. गंमत अशी की, दोन्ही चित्रपटांत लक्षात राहणारी भूमिका छाया कदम यांचीच आहे. मंडळाची निवड चूक की बरोबर, यावर वाद होत राहील. पण तो वाद घालण्यासाठी दोन्ही चित्रपट पाहिलेले असावे लागतात, आणि कपाडियांचा चित्रपट महाराष्ट्रातील किती जिल्ह्यांच्या ठिकाणी लागला, याची आठवण वाचकांनीच करून पाहावी.

अकादमीला आता सामान्य प्रेक्षकाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९९८ साली, 'टायटॅनिक'च्या वर्षी, अमेरिकेत साडेपाच कोटी लोकांनी सोहळा दूरचित्रवाणीवर पाहिला होता. २०२१ मध्ये ते सुमारे एक कोटीवर आले आणि २०२५ मध्ये सावरूनही दोन कोटींच्या आतच राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये अकादमीने जाहीर केले की, २०२९ पासून सोहळा दूरचित्रवाणी सोडून यूट्यूबवर, जगभर विनामूल्य दाखविला जाईल. म्हणजे सांगली-नांदेडचा कारकूनही सकाळी चहा घेताना तो खिशातल्या फोनवर पाहू शकेल. कोणी कोणता झगा घातला, कोण रडले, कोणी कोणाचे आभार मानले, हे सर्व त्याला फुकट मिळेल. दहा चित्रपट मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या वर्गण्यांत वाटले गेलेले असतात, आणि त्यांतील दोनतीन भारतात वेळेवर येतातच असे नाही.

सभासदांसाठी हे सर्व चित्रपट एकाच ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था अकादमीने केलेलीच आहे. यूट्यूबशी करार करताना फेब्रुवारीतील एखादा आठवडा, माफक तिकीट आकारून, ते प्रेक्षकांनाही खुले करण्याची अट घालता आली असती. वितरक कंपन्यांशी बोलून अजूनही घालता येईल. आपल्याकडे मुंबईत १९६८ पासून काम करणारे प्रभात चित्र मंडळ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील छोट्या फिल्म सोसायट्या भारताच्या निवडीसाठी आलेल्या चित्रपटांबाबत असाच आग्रह धरू शकतात. निवड करणाऱ्या मंडळापुढे जे तीसएक चित्रपट ठेवले जातात, ते निर्णयापूर्वी किंवा निदान निर्णयानंतर महिन्याभरात पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे एकेकदा दाखविण्यास फारसा खर्च नाही. सभागृहे आहेत, यंत्रे आहेत. अडचण आहे ती निर्मात्यांच्या परवानगीची. ज्यांनी 'श्वास'साठी वर्गणी गोळा होताना पाहिली आहे, त्यांच्यापुढे ती मागण्यास सुरुवात तरी करता येईल.